क्ष-किरणांवाचून हृदयोपचार
1958 साली स्टॉकहोममध्ये पहिला पेसमेकर मनुष्यदेहात बसविला गेला, तेव्हापासून यंत्राच्या आधाराने जगणाऱ्यांची संख्या वाढत आली. आणि त्यांपैकी कित्येकांवर पुढे हृदयाच्या बेताल गतीसाठी कॅथेटरने सदोष भाग दग्ध करून घेण्याचा प्रसंग येतो. हा उपचार आजवर बहुधा क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, शिशाचा जड एप्रन अंगावर वागवीत होत आला. रुग्णाला किरण क्वचित लागतात, पण टेबलापाशी उभ्या परिचारिकेला ते वर्षानुवर्षे सोसावे लागतात. आता चुंबकीय व विद्युत संकेतांवरून हृदयाचा त्रिमित नकाशा उभा राहतो, आणि शिरेवाटे आत नेलेली सोनोग्राफीची बारीक नळी पेसमेकरची तार, झडप व कॅथेटरचे टोक एकत्र दाखविते. नुकतीच बसविलेली तार धक्क्याने निसटण्याचे भय खरे आहे. परंतु तेवढ्या सबबीवर जुना दस्तूर सरसकट चालू ठेवणे मला न्याय्य वाटत नाही, कारण क्ष-किरणांत तार दिसते, तिच्याभोवतीची मांसल भिंत स्पष्ट दिसत नाही. दाहक लहरींनाच विकार समजून आयसीडीने, म्हणजे हृदयाची गती घातक रीतीने बिघडताच विद्युत झटका देणाऱ्या बसविलेल्या यंत्राने, झटका देऊ नये म्हणून त्याचे झटका देण्याचे कार्य तात्पुरते तहकूब करावे, उपचारानंतर यंत्र तपासावे, क्ष-किरणयंत्र हाताशी सज्ज असावे. एवढी तजवीज करून मोठ्या रुग्णालयांनी ही क्ष-किरणांवाचूनची पद्धत अविलंब अंगीकारावी.