भाव भिंतीवर लागला तेव्हा

२८ एप्रिल १९४२ रोजी अमेरिकी सरकारने देशभरातल्या दुकानदारांसाठी एक हुकूम काढला. काही शेतमाल वगळता जवळजवळ सगळा बाजार त्याच्या कक्षेत येत होता आणि त्याचं सार एका ओळीत मावत होतं : मार्च महिन्यात ज्या वस्तूला तुम्ही जास्तीत जास्त जो भाव घेतला असेल, त्याच्या वर आता जायचं नाही. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला पाच महिनेही झाले नव्हते. देशभक्तीला उधाण होतं, कायद्यात दंडाची आणि तुरुंगवासाची तरतूद होती. तरीही पुढच्या वर्षभरात राहणीमानाचा खर्च आणखी आठेक टक्क्यांनी वाढला. मग १९४३च्या वसंतात काहीतरी बदललं. तिथून जपानच्या शरणागतीपर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षांहून अधिक काळात, ही वाढ जेमतेम चार टक्के भरली. आणि हा काळ कसला, तर युद्धखर्च शिगेला पोहोचलेला, बेकारी नावापुरती उरलेली, कामगाराच्या खिशात कधी नव्हे एवढा पैसा खुळखुळत असलेला! पहिल्या महायुद्धात आणि त्यापाठोपाठच्या तेजीत याच देशात भाव दुप्पट झाले होते. यावेळी ते का थांबले? ‘लोक देशासाठी त्याग करायला तयार होते’ हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. तयारी १९४२ मध्येही तेवढीच होती. किंबहुना अंमळ जास्तच असेल. फरक पडला तो भाव कुणाला दिसतो यात.

पहिल्या हुकुमाची गोम अशी होती की कमाल भाव प्रत्येक दुकानाचा वेगळा होता. या वाण्याने मार्चमध्ये वाटाण्याचा डबा १३ सेंटला विकला असेल, पलीकडच्याने १५ला, तर दोघेही आपापल्या जागी कायदेशीर. मार्चमध्ये आपण काय भाव दिला हे ऑगस्टमध्ये कुठल्या गृहिणीला आठवणार? दुकानदाराने आपले मार्चचे भाव लिहून ठेवायचे होते, पण ते लिहिणारा तोच, दाखवणारा तोच. कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. भावनियंत्रण कार्यालयाचा, म्हणजे ‘ओपीए’चा, प्रमुख लिऑन हेंडरसन हा अर्थशास्त्रज्ञ होता आणि भावांचा विभाग सांभाळत होता तिशीतला जॉन केनेथ गालब्रेथ. एकेका वस्तूचा भाव बसून ठरवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी सगळं एका फटक्यात गोठवलं. हेंडरसन लोकांच्या नजरेतून इतका उतरला की वर्ष संपता संपता त्याला जावं लागलं. १९४३ मध्ये धोरण पालटलं. शहराशहरासाठी किराणा मालाचे कमाल भाव थेट डॉलर-सेंटमध्ये ठरवून ते छापले जाऊ लागले. आकार आणि उलाढालीप्रमाणे दुकानांचे चार गट केले. कोपऱ्यावरच्या छोट्या वाण्याला थोडा जास्त भाव घ्यायची मुभा, मोठ्या साखळी दुकानांना कमी. आपण कुठल्या गटात ते दुकानात पाटीवर लिहायचं आणि भावांचा तक्ता गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा. तोच तक्ता वर्तमानपत्रातही येई, आणि बाई तो कापून पर्समध्ये घालून बाजाराला जाई.

या कागदाच्या तुकड्याला कायद्याचा आधारही होता. कमाल भावापेक्षा जास्त पैसे घेतल्याचं सिद्ध झालं, तर गिऱ्हाइकाला दुकानदाराकडून जास्तीच्या रकमेच्या तिप्पट किंवा ५० डॉलर, यांतली मोठी रक्कम वसूल करता येत असे. दोन सेंटच्या लबाडीला ५० डॉलरची धास्ती. शिवाय देशभर पाच हजारांवर स्थानिक मंडळं होती आणि त्यांचं बरंचसं काम बिनपगारी स्वयंसेवक करत. दुकानात जाऊन भाव तपासणाऱ्यांत बायकाच बहुसंख्य. दुकानदाराला बाहेरगावच्या निरीक्षकाच्या डोळ्यात धूळ झोकता आली असती. गल्लीतल्या, रोज समोर येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते अवघड. काही दुकानदारांनी याला चुगलखोरी म्हटलं आणि त्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवणं ही कुठल्याच समाजात सुखाची गोष्ट नसते. मात्र इथे नजर माणसाच्या मतांवर नव्हती, लोण्याच्या भावावर होती, आणि ज्या गोष्टीवर होती ती भिंतीवर उघड लावलेली होती.

अर्थशास्त्राचा अभ्यासक इथे मला अडवेल. तो म्हणेल, तक्त्याचं कौतुक पुरे. भाव थांबले ते पैसा दुसरीकडे वळवल्यामुळे. यात बरंच खरं आहे. १९३९ साली चाळीसेक लाख अमेरिकी प्राप्तिकर भरत होते, युद्ध संपताना ती संख्या चार कोटींच्या वर गेली, आणि जुलै १९४३ पासून कर पगारातूनच कापला जाऊ लागला. पावणेएकोणीस डॉलरला मिळणारा आणि दहा वर्षांनी २५ डॉलर देणारा युद्धरोखा घराघरात पोहोचला. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचं उत्पादन थांबलं होतं, फ्रिज आणि कपडे धुण्याची यंत्रंही बाजारातून गेली. लोक मिळकतीचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, शिल्लक टाकत होते, कारण घ्यायला काही नव्हतं. एप्रिल १९४३ मध्ये रूझवेल्ट यांनी भाव आणि पगार आहेत तिथेच रोखण्याचा आदेश दिला आणि लोणी-मांसाचे भाव उतरवण्यासाठी तिजोरीतून अनुदान दिलं. हे सगळं नसतं तर तक्ता आठवडाभरही टिकला नसता, हे कबूल. पण ही सूत्रं वॉशिंग्टनमधून हलत होती. शिकागोच्या एखाद्या दुकानात ३० सेंटची वस्तू खरंच ३० सेंटला विकली जाते की नाही, हे कराच्या पावतीवरून कळत नाही. तिथे गिऱ्हाईकच लागतं, आणि त्याला नेमका आकडा माहीत असावा लागतो.

रेशनचंही तसंच. साखर मे १९४२ पासून, माणशी आठवड्याला अर्धा पौंड. त्या नोव्हेंबरात कॉफी, मोठ्या माणसाला पाच आठवड्यांना एक पौंड. फेब्रुवारी १९४३ मध्ये चामड्याचे जोडे, आणि मार्चमध्ये सगळ्यात गुंतागुंतीची पद्धत : डबाबंद अन्नासाठी निळे पॉइंट, मांस, लोणी आणि चीज यांसाठी लाल. पैशाच्या जोडीला हे दुसरं चलनच झालं, आणि ते गिरणीमालकाला आणि त्याच्या मोलकरणीला सारखंच मिळत होतं. कुठल्या डब्याला किती पॉइंट हे पुरवठ्याप्रमाणे बदलत राही आणि वर्तमानपत्रात छापून येई. कागदावर किचकट वाटणारी ही पद्धत अमेरिकी गृहिणींनी पचवली. याउलट जानेवारी १९४३ मध्ये सरकारने तयार कापलेला पाव विकायला बंदी केली, तेव्हा त्यातून नेमकं किती आणि काय वाचतं हे कुणालाच दिसेना. बायकांनी असा काही गदारोळ केला की दोन महिन्यांच्या आत, ८ मार्चला, बंदी उठली. मांस कमी खायला तयार असलेली बाई सुरीने पाव कापायला तयार नव्हती! मला यात चंगळखोरी दिसत नाही. तिला हिशेब हवा होता आणि पावाच्या बाबतीत तो कुणी मांडला नाही.

हिशेब मांडायचं काम रेडिओने केलं. १ डिसेंबर १९४२ला पेट्रोलचं रेशन देशभर लागू झालं आणि त्याच संध्याकाळी ‘फिबर मॅगी अँड मॉली’ या तुफान लोकप्रिय विनोदी मालिकेचा भाग त्याच विषयावर होता. आठवड्याला चारच गॅलन म्हणून घरधनी कुरकुरतो आणि बाकीचे त्याला समजावतात की टंचाई पेट्रोलची नाही, रबराची आहे. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानने घेतल्यामुळे नैसर्गिक रबराचा सुमारे नव्वद टक्के पुरवठा तुटला होता, आणि गाडी कमी चालली तरच टायर टिकणार होते. हा प्रचार होता का? होताच. कुठल्या आठवड्यात कुठल्या कार्यक्रमाने कुठला विषय घ्यावा, याचं वाटप सरकारचं युद्धमाहिती कार्यालय करत असे. पण कुरकुर करणारा माणूस या प्रचारात खलनायक नव्हता, मालिकेचा नायकच होता. श्रोत्याचं गाऱ्हाणं आधी ऐकलं जाई, मग त्याला कारण मिळे. १९४३ मध्ये ओपीएची धुरा चेस्टर बोल्स याच्याकडे आली. तो तर मुळात जाहिरातवाला, ‘बेंटन अँड बोल्स’ या जाहिरात संस्थेचा संस्थापक. त्याने रेडिओवरून नियमित बोलून लोकांना भावांची भाषा शिकवली. (बोल्स आणि गालब्रेथ हे दोघेही पुढे अमेरिकेचे राजदूत म्हणून दिल्लीत आले, बोल्स तर दोनदा.) टंचाई करमणुकीतही शिरली होती. ग्रामोफोनच्या तबकड्यांना लागणारी लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जाई. ती युद्धाकडे वळल्यावर नवी तबकडी हवी तर जुनी मोडकी आणून द्या, असं दुकानदार गिऱ्हाइकांना सांगू लागले.

आता काळा बाजार. तो होता आणि मांसाच्या धंद्यात तर भरपूर होता. खोटी कूपनं छापली जात. स्टेकच्या नावाखाली चरबी गळ्यात मारली जाई. एक हवी असलेली वस्तू देताना दोन नको असलेल्या बांधून देत. शर्टाचं कापड पातळ होई, भाव तोच राही. मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांनी पुढे असं मांडलं की युद्धकाळातली खरी महागाई सरकारी निर्देशांकात दिसत नाही, ती दबून राहिली. त्यांचा मुद्दा रास्त आहे, आणि वर दिलेल्या चार टक्क्यांत काही टक्के वाढवून वाचायला माझी हरकत नाही. तरी १९१४ ते १९२० ची दुप्पट महागाई आणि ही, यांच्यातलं अंतर त्याने बुजत नाही. चोरी कुठे फोफावली तेही पाहा. डब्यावर छाप आणि वजन असतं, त्याचा भाव तक्त्याशी ताडता येतो. मांसाचा तुकडा कुठला, कितव्या प्रतीचा, हे सामान्य गिऱ्हाइकाला कळत नाही. ताडता न येणाऱ्या मालातच लबाडी सगळ्यांत जास्त झाली.

हार्लेममध्ये तर कायद्याची एक बाजू पोहोचायलाच उशीर झाला. न्यूयॉर्कच्या या कृष्णवर्णीय वस्तीत दुकानदार जास्त भाव लावतात आणि घरमालक जास्त भाडं उकळतात, ही तक्रार जुनी होती. १ ऑगस्ट १९४३च्या संध्याकाळी एका गोऱ्या पोलिसाने एका कृष्णवर्णीय सैनिकावर गोळी झाडली. सैनिक जखमी झाला, तो मेल्याची अफवा उठली, दंगल पेटली आणि सहा जण मेले. रोष फुटला तो प्रामुख्याने दुकानांवर. युद्धउद्योगाच्या अनेक शहरांत घरभाड्यावर १९४२ पासूनच मर्यादा होती, न्यूयॉर्कला ती १ नोव्हेंबर १९४३ला आली. दंगलीचं मूळ वंशभेदात होतं, केवळ भाड्यात नाही. पण हार्लेमला तीन महिने आधी जे मिळायला हवं होतं ते दंगलीनंतर मिळालं, एवढं कॅलेंडर सांगतं.

‘हे सगळं म्हणजे महागाई पुढे ढकलणं होतं’ हा शेवटचा आक्षेप. जून १९४६ मध्ये कायद्याची मुदत संपली, ट्रूमन यांनी पोकळ झालेलं नवं विधेयक नाकारलं, जवळजवळ महिनाभर भाव मोकळे सुटले. मग कायदा परत आला तो अर्धामुर्धा. बहुसंख्य लोक नियंत्रणाच्या बाजूने असल्याचं जनमत चाचण्या सांगत होत्या. उद्योजकांच्या संघटनांनी विरोधात जाहिरातींची मोठी मोहीम चालवली. पशुपालकांनी गुरं बाजारात आणणंच थांबवलं. खाटकाची दुकानं रिकामी पडली, १४ ऑक्टोबरला ट्रूमन यांनी मांसावरचं नियंत्रण उठवलं, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने काँग्रेस गमावली. जून ते डिसेंबर या सहा महिन्यांत भाव सुमारे पंधरा टक्क्यांनी चढले. ढकललेली महागाई परत आली, हे मान्य. मात्र ती आली तेव्हा सैनिक घरी परतले होते, कारखाने पुन्हा मोटारी बनवत होते, आणि युद्धाच्या चार वर्षांत मध्यम आणि गरीब घरांची शिल्लक कागदाच्या भावाची झाली नव्हती. ढकलण्याची हीच तर किंमत होती, आणि मला ती स्वस्त वाटते.

ऱ्होड आयलंडमधल्या एका गिऱ्हाइकाने मोटारविक्रेत्याकडून ११०० डॉलरला गाडी घेतली होती, कमाल भावापेक्षा २१० डॉलर जास्त देऊन. त्याने तिपटीचा दावा लावला. राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, केंद्राच्या असल्या दंडाच्या कायद्याखालचे दावे आम्ही ऐकणार नाही. प्रकरण वॉशिंग्टनला गेलं आणि मार्च १९४७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गिऱ्हाइकाच्या बाजूने कौल दिला : ऐकावेच लागतील. तोवर मोटारींवरचं भावनियंत्रण उठलेलं होतं. अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांत हा निकाल आजही शिकवतात, पण तो केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांच्या प्रकरणात. भावाचा विषय त्यात ओझरता येतो.