पट कोणाचा, निकाल कोणाचा?



१ नोव्हेंबर १९५६ रोजी धाराशिव जिल्हा हैदराबाद राज्यातून सुटला, १ मे १९६० रोजी मराठी राज्य आले. गरिबाचे पोर मराठीत शिकावे म्हणूनच ना आम्ही झगडलो?

आज तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतो कोण? ऐपतदाराचे पोर इंग्रजी शाळेच्या गाडीत. उरली शेतमजुरांची, ऊसतोडणीवाल्यांची लेकरे. दिवाळी सरली की तीही आईबापांमागे उसाच्या फडात! मग साहेब म्हणणार, पट कमी, निकाल कच्चा, शाळा बंद करा. अहो, गिरणीत खाडा झाला तर पगार कापत. इथे पोराचे अख्खे वर्षच कापता?

हंगामी वसतिगृहे कागदावर नकोत. टोळी गाव सोडण्याआधी उघडा. धान्य, अंथरूण, मास्तर सगळे हजर पाहिजे!