झेंडा मिरवणारे आणि झेंडा उचलणारे

पंधरा ऑगस्ट आला कीं आमच्या खेड्यापाड्यांतल्या तरुणांच्या फटफट्यांस झेंडे लागतात. कोणी आरशाला बांधतो, कोणी मागें बसलेल्या मित्राच्या हातीं भली मोठी काठी देतो. ही हौस मोडावी असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. परंतु सोळा तारखेच्या सकाळीं तालुक्याच्या रस्त्यावर आम्हीं जें पाहिलें, त्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. चिखलांत, गटारांत झेंडे पडलेले. आणि वांकून वांकून ते वेंचीत होती एक झाडूवाली बाई. मिरवणारे घरीं निजलेले, उचलणारी कामावर! मिरवावें एकानें आणि उचलावें दुसऱ्यानें, ही आमच्या देशाची जुनीच खोड. तीच आतां आमच्या पोरांनीं घ्यावी काय?

बंधूंनो, हा हक्क रयतेस सहज मिळालेला नाहीं. 22 जुलै 1947 रोजीं घटनासमितीनें हा झेंडा पसंत केला. पण कांहीं ठरावीक दिवस सोडले तर सामान्य माणसानें तो घरावर लावूं नये, असा पुढें कित्येक वर्षें नियम होता. 26 जानेवारी 2002 पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली, तेव्हां तो शेतकऱ्याच्या छपरावर यावयास मोकळा झाला. 2004 सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही सांगितलें कीं, मानानें झेंडा फडकविणें हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हक्क आला तेथें राखणही आली. ज्याचें शेत त्यानेंच तें राखावें लागतें.

संहितेप्रमाणें मोटारगाडीवर झेंडा लावण्याचा मान राष्ट्रपति, राज्यपाल, मंत्री, वरिष्ठ न्यायाधीश अशा ठरावीक पदांपुरता आहे. आमचीं पोरें विचारतील, “मंत्र्याच्या गाडीला चालतो, मग आमच्या कां नाहीं?” प्रश्न रास्त आहे. पण तो मान माणसाचा नव्हे, पदाचा आहे. पद गेलें कीं गाडीवरचा झेंडाही उतरतो. त्या कलमांत फटफटीचें नांव नाहीं, असा वाद कोणी घालील. घालो बापडा! बाकीचे नियम तर सर्वांसच आहेत. झेंडा वाहनावर पांघरूं नये, जमिनीस वा पाण्यास लागूं देऊं नये, त्यावर अक्षरें लिहूं नयेत, फाटका वा मळका लावूं नये. आतां धांवत्या फटफटीवर, पावसाळ्याच्या चिखलांत, हें साधतें काय? दोन कोसांत त्याच्या चिंध्या होतात. कापड चाकांत किंवा साखळींत गुंतलें, अथवा एका हातीं काठी घेऊन दुसऱ्या हातानें गाडी हांकली, तर आईबापांचा आधारच जावयाचा!

अपमानास 1971 च्या कायद्यानें तीन वर्षेंपर्यंत कैद आहे. पण पोलिसाच्या भीतीनें दिलेला मान तो मान कसला?

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. फटफटी मोकळी ठेवा, झेंडा घरावर लावा. 2022 पासून तो रात्रींही ठेवतां येतो. केशरी पट्टा वर असावा. फेरींत कागदी झेंडा हातीं धरून पायीं चाला आणि तो परत घरीं आणा. जीर्ण झाला तर एकांतांत, मानानें जाळावा. शिवाय एक गोष्ट कारागिरांच्या पोटाची. पूर्वीं झेंड्यास हातानें कांतलेलें व विणलेलें कापडच लागे. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनें यंत्रावरचें पॉलिस्टरही चालूं लागलें. चार पैशांचे दहा झेंडे रस्त्यावर टाकण्यापेक्षां खादीचा एकच घ्या. तो पेटींत जपून राहील आणि विणकराच्या घरीं चूल पेटेल.

येत्या सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशीं त्या झाडूवाल्या बाईस रस्त्यांत एकही झेंडा सांपडूं नये. आमच्या गांवच्या देशभक्तीची परीक्षा तीच बाई घेईल.