सोलरच्या प्लेटा अर्धे वर्ष रिकाम्या का?

मालेगाव तालुक्यात मेडशीकडे जा की शिरपूरकडे, विहिरीच्या काठावर सोलरच्या प्लेटा दिसू लागल्या आहेत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्ये आली. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची, बाकीचा भार सरकारचा. रात्री-बेरात्री साप-विंचवाच्या भीतीत मोटर सुरू करायला जाण्याची पाळी त्यामुळे अनेकांवरची टळली. ही गोष्ट चांगलीच झाली.

पण पुढचा हिशेब कोणी मांडत नाही. आपल्याकडचे मुख्य पीक सोयाबीन आणि तूर, तेही पावसाच्या भरवशावरचे. मोटर खरी चालते ती हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी, विहिरीला पाणी असेतोवर. उन्हाळ्यात विहीर तळ गाठते आणि प्लेटा मात्र कडक उन्हात तापत बसतात. म्हणजे जवळपास अर्धे वर्ष वीज तयार होण्याची सोय आहे, पण घेणारा कोणी नाही. कारण हे पंप लाइनला जोडलेलेच नाहीत.

आकडा सोपा आहे. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ५ किलोवॅटच्या प्लेटा लागतात. एक किलोवॅटमागे स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ४ युनिट मिळतात. ढगाळ दिवस धरून सरासरी ३ धरू. वर्षाचे २०० दिवस रिकामे गेले तर ३,००० युनिट वाया. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत मोठ्या कंपन्यांकडून सौर वीज युनिटला सुमारे ३ रुपयांनी घेतली जाते. तोच भाव शेतकऱ्याला दिला तर वर्षाला ९,००० रुपये झाले. बियाण्याच्या बॅगांचा खर्च त्यातून निघू शकतो.

हे होऊ शकते का? झालेले आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी काढली. ओलित झाल्यावर उरलेली वीज तिथल्या वीज कंपनीने युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी घेण्याचा २५ वर्षांचा करार केला. त्या बदल्यात या शेतकऱ्यांनी सवलतीच्या वीज जोडणीवरचा हक्क सोडला. विकलेल्या युनिटला पैसे मिळतात म्हटल्यावर पाणीही जपून उपसले जाते, हा दुसरा फायदा. आपल्याकडे सहकार नवा नाही. दुधाची मंडळी चालते, मग विजेची का चालू नये?

वीज कंपनीचे म्हणणेही ऐकले पाहिजे. विखुरलेल्या वावरांपर्यंत लाइन आणि मीटर नेण्याचा खर्च मोठा आहे. शिवाय दिवसा सौर वीज आता भरपूर झाली आहे, टंचाई संध्याकाळी असते. हे खरे आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली, ती याच कारणाने.

म्हणूनच पुढचा विचार बॅटरीचा. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ग्रीन माउंटन पॉवर ही वीज कंपनी २०१७ पासून लोकांच्या घरच्या बॅटऱ्या एकत्र चालवते. मागणी वाढली की त्यातली वीज ओढून घेते. आपली स्वतःची बॅटरी वापरू देणाऱ्याला मोबदला देते, आणि लाइन गेली की तीच बॅटरी त्या घराला उजेड देते. आपल्या घरातली इन्व्हर्टरची बॅटरी या कामाची नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण डीपीजवळ गावाची एक सामाईक बॅटरी, दिवसा शेतकऱ्याच्या प्लेटांवर भरायची आणि संध्याकाळी गावाला वापरायची, ही कल्पना हवेतली नव्हे.

तोवर हातात आहे ते तरी करा. पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. नेट मीटर लागले की जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात. याच योजनेत आदर्श सौरग्रामाला १ कोटी रुपयांचे बक्षीस आहे. सातारा जिल्ह्यातले मान्याचीवाडी २०२४ मध्येच राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. वावरातल्या प्लेटांवर कडबा कुट्टी, पिठाची गिरणी चालवणारा कंट्रोलरही केंद्राच्या कुसुम योजनेत मान्य आहे. पंप घेतानाच त्याची विचारणा करा. घेतल्यावर मागून उपयोग नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एवढेच सांगणे: येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी मांडा. गावात किती सौर पंप आहेत आणि ते वर्षातून किती दिवस बंद असतात, याची यादी करा. आणि डीपीपासून जवळ असलेले पंप तरी लाइनला जोडून जास्तीच्या युनिटचा भाव द्यावा, असा ठराव वीज कंपनीकडे पाठवा. नुसत्या अर्जाला साहेब लोक 'बघू' म्हणतात. यादी जोडलेल्या ठरावाला उत्तर द्यावे लागते.

शेतकऱ्याने सोयाबीन पिकवले तर भाव दुसरा ठरवतो, हे आपण पिढ्यानपिढ्या सोसत आलो. विजेच्या बाबतीत तर अजून भावच ठरलेला नाही. तो ठरण्याआधी बोला.