रुग्णवाहिकेचे भाडे हा आपलाही प्रश्न

बेळगावात रुग्णवाहिका मिळत नाही, अशी तक्रार आता सहसा कानावर येत नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी मी येथे व्यवसाय सुरू केला, तेव्हा खानापूर किंवा चंदगडकडचे आजारी मूल एस.टी.ने, वडापच्या जीपने, क्वचित उसाच्या ट्रॅक्टरवरूनसुद्धा येत असे. कर्नाटकात १ नोव्हेंबर २००८ पासून १०८ ची सेवा सुरू झाली, महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली, आणि हे चित्र पालटले. ही सेवा मोफत आहे. तिच्यात उणिवा नाहीत असे नाही. पण गरिबाच्या दाराशी गाडी येऊ लागली, हे मान्य केलेच पाहिजे.

तक्रार सुरू होते ती पुढच्या टप्प्यावर. १०८ ची गाडी रुग्णाला जवळच्या रुग्णालयात पोचवते. तेथे खाट नसते, बालकांचा व्हेंटिलेटर नसतो किंवा बालशल्यचिकित्सक नसतो. मग कोल्हापूर, हुबळी, गोवा किंवा थेट पुणे गाठायचे ठरते. रात्रीचे दोन वाजलेले असतात. कोणीतरी एक नंबर हाती ठेवतो, पंधरा मिनिटांत खासगी गाडी फाटकाशी येते, आणि कुशीतले मूल धापा टाकत असताना दर विचारण्याचे धैर्य बापाला होत नाही. विचारला तरी नकार देऊन तो जाणार कोठे? अशा भाड्याला व्यवहार म्हणणे मला जड जाते.

पालक पुढे कधीतरी, लसीकरणाला आले म्हणजे, त्या प्रवासाची पावती दाखवतात. बहुतेक पावत्यांवर केवळ एक आकडा आणि खाली न वाचता येणारी सही असते. ज्यांत तपशील असतो, त्या अधिक बोलक्या. जाण्यायेण्याचे दोन्हीकडचे किलोमीटर लावलेले असतात. परतीच्या वाटेवर त्याच गाडीने दुसरा रुग्ण आणला, हे अर्थातच लिहिलेले नसते. ‘डॉक्टर चार्ज’ असतो, आणि गाडीत चालकाखेरीज कोणी नव्हते असे आई सांगते. गाडीवर ‘कार्डिॲक’ ही अक्षरे रंगवलेली, आत मॉनिटर नाही.

ऑक्सिजनच्या रकान्यापाशी मात्र बालरोगतज्ज्ञाने थांबलेच पाहिजे. लहान, म्हणजे ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये साधारण दीड घनमीटर, अर्थात १५०० लिटर वायू असतो. तान्ह्या बाळाला मिनिटाला एक लिटर या वेगाने तो दिला, तर दोन तासांत १२० लिटर लागतो. सिलिंडरचा बारावा हिस्साही नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने सिलिंडरमधील वैद्यकीय ऑक्सिजनची भरणाऱ्याकडील कमाल किंमत, कर वगळून, घनमीटरला २५.७१ रुपये ठरवली होती. त्या हिशेबाने बाळाने तीन रुपयांचा वायू घेतला. अख्खा सिलिंडर धरला तरी चाळीस रुपये होत नाहीत. सिलिंडरची ने-आण, रेग्युलेटर, मास्क, भरणावळ हे सारे खर्च मी नाकारत नाही. ते पाचपट धरा, दहापट धरा. तरीही मी पाहिलेल्या एका पावतीवरील २००० रुपयांपर्यंत ती बेरीज पोचत नाही.

गाडीमालकांची बाजूही ऐकली पाहिजे. कर्जाचे हप्ते, डिझेल, विमा, रात्रपाळीचा चालक, रिकामी परती. आणि रुग्ण वाटेतच गेला तर पैसे मागण्याची सोय उरत नाही. रास्त दर त्यांना मिळालाच पाहिजे. पण भाड्याच्या फुगवट्यामागे एक रक्कम अशी असते, जी पावतीवर कधीच येत नाही: रुग्ण आणल्याबद्दल रुग्णालयाकडून चालकाच्या खिशात जाणारी. मग गाडी जवळच्या रुग्णालयाकडे न वळता पाकिटाच्या दिशेने वळते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतील कलम ६.४ कमिशन घेण्यालाच नव्हे, तर रुग्ण मिळवण्यासाठी ते देण्यालाही मनाई करते. पाकीट देणारे हात आपल्याच व्यवसायातले आहेत. स्मरणिकेत असे लिहिणे काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

याची किंमत पैशापुरती राहत नाही. खानापूर तालुक्यातील एका कुटुंबाने थोरल्या मुलाच्या पुणे प्रवासापायी दुभती म्हैस विकली. दोन वर्षांनी धाकट्याला रात्री झटके आले, तेव्हा त्यांनी १०८ देखील फिरवला नाही. ‘गाडी’ या शब्दाचीच धास्ती बसली होती. पहाटेच्या बसची वाट पाहिली. मूल माझ्यासमोर आले तेव्हा झटके चार तास चालू होते. ते वाचले. आज सातव्या वर्षी ते दोन शब्द जोडून बोलत नाही.

शासनाकडे बोट दाखवणे सोपे आहे. ११ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवण्याचा आदेश राज्यांना दिला. पण तो कोविडच्या रुग्णांसाठी होता, आणि झटके आलेल्या बाळाला कोविड झालेला नसतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून नवजात बालकाला सरकारी रुग्णालयात जाण्याची, तेथून दुसरीकडे हलवण्याची आणि घरी परतण्याची मोफत सोय दिली. पुढे वर्षापर्यंतच्या आजारी बालकांनाही ती लागू झाली. किती पालकांना हे आपण सांगतो?

रुग्ण पुढे पाठवताना कोणती गाडी हवी, हे फक्त डॉक्टरला कळते. राष्ट्रीय रुग्णवाहिका संहितेत, म्हणजे ‘एआयएस-१२५’ मध्ये, गाड्यांचे चार वर्ग आहेत. मांडीचे हाड मोडलेल्या, पण स्थिर असलेल्या मुलाला व्हेंटिलेटरची गाडी लागत नाही. तो वर्ग संदर्भपत्रात लिहावा. किलोमीटरचा दर, परतीचा नियम, ऑक्सिजन तासाच्या हिशेबाने, सोबतच्या माणसाचे शुल्क, हे सारे आपल्या मंडळाने गाडीमालकांशी बसून ठरवावे आणि तो तक्ता प्रत्येक सभासदाच्या रुग्णालयात लावावा. ‘आम्ही डॉक्टर की वाहतूक निरीक्षक?’ असे एका स्नेह्यांनी मला विचारले. सलाईनचे थेंब मिनिटाला किती, हे आपण त्याच कागदावर लिहितो. आणखी दोन ओळींनी हात दुखणार नाही.

माझ्या दवाखान्याच्या संदर्भपत्रावर गेल्या वर्षापासून या दोन ओळी छापल्या आहेत: गाडीचा वर्ग व ठरलेला दर, आणि निघताना-पोचताना मीटरचे आकडे. एका मालकाने माझा फोन घेणे बंद केले. दोघांनी लेखी दर दिले. ते कागद मी मंडळाच्या चिटणिसांकडे सोपवले आहेत.