माग सुटू देऊ नये

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर वही, रोकड आणि केरसुणी मांडण्याची आपली रीत जुनी आहे. परंतु कांद्याची पट्टी, दुधाचा पगार, किसान सन्मान निधीचा हप्ता आणि मुंबईस नोकरीला असलेल्या मुलाने धाडलेले पैसे ज्या एका फोनातून घरात येतात, तो फोनही आता पारनेर तालुक्यातील बहुतेक कुटुंबांची तिजोरी होऊन बसला आहे, आणि या तिजोरीच्या राखणीचा विचार मात्र आपण अद्याप ज्याच्या त्याच्या हुशारीवर सोडून दिला आहे. यंदाचा दिवाळी अंक वाचकांच्या हाती देताना आम्हांला याच विषयावर बोलावेसे वाटते, कारण ही राखण एकट्याने होणारी नव्हे, अशी आमची खात्री आहे.

पेशवाईचा अंमल संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1819 मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात दख्खनच्या गावांतील जागल्याचे मोठे मार्मिक वर्णन आहे. गावात कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवणे, रात्रीची गस्त घालणे आणि चोरी झालीच तर पावलांच्या खुणांवरून चोराचा माग काढणे हे त्याचे काम. माग शिवेपलीकडे गेल्याचे पुढच्या गावच्या जागल्यास पटवून दिले म्हणजे त्याची जबाबदारी संपे आणि तिथून पुढे माग चालवणे त्या दुसऱ्या गावाच्या माथी येई. आणि ज्या गावात माग संपला, त्या गावाला चोरीस गेलेल्या मालाची जबाबदारी घ्यावी लागे. रामोशी, भिल्ल, महार अशा ज्या समाजांनी हे जोखमीचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, त्यांना गावाने मानाचे स्थान दिले नाही, हा त्या व्यवस्थेचा कलंक विसरता येत नाही. तथापि तिच्यातील एक तत्त्व आजही मोलाचे आहे: चोरी एका घरात झाली, तरी तिचा शोध ही अवघ्या मुलखाची जबाबदारी.

आजच्या चोराचे पाऊल मातीवर उमटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘आरटीओ चलान’ अशा नावाची, अखेरीस ‘एपीके’ ही अक्षरे असलेली एक फाइल येते. कित्येकदा ती ओळखीच्याच माणसाच्या क्रमांकावरून येते, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. हप्ता अडकला असेल या काळजीने शेतकरी ती उघडतो, ती संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि एकदा ती परवानगी दिली की बँकेचा ओटीपी धन्याच्या नजरेस पडण्यापूर्वीच परमुलखात बसलेल्या माणसाच्या हाती पोचतो. फोन हातात, सिमकार्ड जागेवर, पिन कोणास सांगितलेला नाही, आणि तरीही खाते रिकामे!

दुसरा प्रकार याहून क्रूर आहे. पोलिसांचा गणवेश घातलेला किंवा स्वतःस सीबीआयचा अधिकारी म्हणवणारा माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, आपल्या नावाचे पार्सल पकडले गेल्याचे सांगतो, बनावट वॉरंट दाखवतो, आणि कॅमेरा बंद करू नका, घरच्यांनाही सांगू नका, असे दरडावतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक भारताच्या कायद्यात नाही. 27 ऑक्टोबर 2024 रोजी खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून हे देशाला सांगितले. परंतु या कपटाचा सारा जोर कायद्याच्या अज्ञानावर नसून ‘कोणाला सांगू नका’ या आज्ञेवर असतो. माणूस आपल्या माणसांपासून तुटला की निम्मी लूट तिथेच झालेली असते.

आणि हे चोर सर्वस्वी परके असतात असेही नव्हे. 1906 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर 11 आणि 13 ऑगस्ट 2018 रोजी दरोडा पडला. एटीएमच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरवून, बनावट कार्डांच्या द्वारे 28 देशांतून पैसे काढले गेले, हाँगकाँगच्या बँकेत रक्कम वळवली गेली, आणि एकंदर 94 कोटी रुपयांहून अधिक रकमेचा अपहार झाला. कट परदेशात शिजला असेल. पण कोल्हापुरातील एटीएमसमोर उभे राहून त्या कार्डांनी नोटा काढणारे हात याच देशातील होते. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी 11 जणांना शिक्षा ठोठावली. चार पैशांच्या लोभाने आपले बँकखाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड अनोळखी माणसास ‘भाड्याने’ देणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे, की लुटीचा पैसा प्रथम अशाच खात्यांतून वाहतो आणि पोलिसांचा माग प्रथम त्यांच्याच उंबऱ्याशी येऊन थांबतो.

आजच्या काळातही माग काढण्याची व्यवस्था आहे. 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, की पैसा ज्या बँकेत गेला तिला सूचना जाते; तिथून तो पुढे सरकला असल्यास पुढच्या बँकेला, आणि जिथे तो सापडेल तिथे गोठवला जातो. परंतु हा माग काही तासांतच थंड होतो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार दोष बँकेचा किंवा खातेदाराचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि खातेदाराने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. त्याची स्वतःची चूक असली, तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे असते. म्हणून लाजेने गप्प बसणे हे चोरास दिलेले अभय होय. फसलेल्या माणसास ‘शिकलासवरलेला असून कसा फसलास’ असे विचारणारे आप्तही त्या अभयाचे वाटेकरी ठरतात.

सेनापती बापटांनी याच पारनेरात हाती झाडू घेऊन रस्ते झाडले, राळेगणसिद्धीने ग्रामसभेच्या बळावर आणि श्रमदानाने पाणी अडवले. सार्वजनिक काम सर्वांनी मिळून करण्याचा वारसा आमच्या तालुक्यास नव्याने शिकवावा लागणार नाही. ग्रामसभांनी हा विषय आपल्या पत्रिकेवर घ्यावा, पतसंस्था आणि सेवा केंद्रांनी आपल्या संगणकांचे आणि वायफायचे मूळचे पासवर्ड बदलावेत, प्रणाली अद्ययावत ठेवाव्यात, आणि घराघरांतील मुलामुलींनी सुट्टीत आजी-आजोबांच्या फोनमधील अनोळखी अ‍ॅप काढून टाकावीत. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, हे एक वाक्य त्यांना समजावले तरी पुष्कळ काम होईल.

वाचकांना एकच विनंती: 1930 हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनात आजच नोंदवून ठेवा, आणि घाई करणारा, भीती घालणारा किंवा गुप्तता मागणारा कोणताही फोन आला, तर उत्तर देण्यापूर्वी घरातील एका माणसाला हाक मारा.