दुखणं विचारायचं कुणी?

निवडणूक जवळ आली की जयसिंगपूरच्या बसस्थानकावर, कुरुंदवाडच्या बाजारात, चहाच्या टपरीपाशी हातात टॅब घेतलेली तरुण मुलंमुली दिसू लागतात. मत कुणाला देणार, मागच्या वेळी कुणाला दिलं होतं, आमदारांच्या कामावर समाधानी आहात का, जात कुठली. एवढं विचारलं की त्यांचं काम होतं. वर्षभरात घरातलं कुणी दवाखान्यात दाखल झालं होतं का, बिल किती झालं, ते कशातून भागवलं, हे विचारत कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शिरोळ तालुक्यात कुणी फिरत नाही. आणि निकाल लागल्यावर पुढारी सांगतात की आरोग्य हा लोकांचा मुद्दाच नव्हता.

मला हे मान्य नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी लोकनीती-सीएसडीएसने १९ राज्यांतल्या सुमारे दहा हजार मतदारांना मत देतानाचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विचारला. २७ टक्के लोक बेरोजगारी म्हणाले, २३ टक्के महागाई, १३ टक्के विकास. वरच्या मुद्द्यांत आरोग्याचं नाव नव्हतं. आता त्याआधीची दुसरी पाहणी घ्या. एडीआर, म्हणजे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, या संस्थेने २०१८ च्या अखेरीस ५३४ लोकसभा मतदारसंघांत २,७३,४८७ मतदारांशी बोलून अहवाल काढला. त्यात रोजगार ४६.८० टक्क्यांसह पहिला, चांगली रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं ३४.६० टक्क्यांसह दुसरी, आणि पिण्याचं पाणी ३०.५० टक्क्यांसह तिसरं. तिन्ही बाबतींत सरकारच्या कामाला लोकांनी सरासरीपेक्षा कमी गुण दिले होते.

पाच-सहा वर्षांत मतदार दवाखाना विसरला? मधल्या काळात तर कोरोना येऊन गेला. ऑक्सिजनचा एक बेड मिळावा म्हणून सांगली-मिरजेत रात्ररात्र फोन फिरवलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. ती विसरलेली नाहीत. फरक विचारण्यात आहे. एडीआरने लोकांपुढे मुद्द्यांची यादी ठेवली आणि त्यातले महत्त्वाचे पाच निवडायला सांगितले. लोकनीतीच्या पाहणीत एकच मुद्दा सांगायचा होता. एकच सांगा म्हटलं की माणूस पोराच्या नोकरीचं नाव घेतो, गॅस आणि तेलाच्या भावाचं घेतो. दवाखाना त्याच्या मनात दुसरा किंवा तिसरा असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला तिथे जागाच नसते.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर आला तेव्हा नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि नदीकाठची गावंच्या गावं एकदम बाहेर पडली, छावणीत एकत्र राहिली, म्हणून पंचनामा आणि सानुग्रह अनुदान हे तहसीलदाराच्या दारातले प्रश्न झाले. आजार असा गावाला एकदम येत नाही. तो एका घरात येतो. रात्री अकराला वडिलांच्या छातीत दुखू लागतं, मुलगा शेजाऱ्याची गाडी काढून मिरज गाठतो, अनामत भरायला पाहुण्यांना फोन करतो. महिन्याभरानं पतसंस्थेत दागिने ठेवलेले असतात आणि येणाऱ्या ऊसबिलाचा हिशेब आधीच लागलेला असतो. बायकोच्या डोक्यात तेवढाच घोर असतो, पण गावाच्या चर्चेत त्याचं नाव ‘त्यांच्यावर वेळ आली’ एवढंच. ज्याला आपण नशीब म्हणतो त्याची तक्रार सरकारकडे कोण करणार?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) देशभरातल्या कुटुंबांना हाच खर्च विचारला होता. बाळंतपण सोडून एकदा दाखल व्हायला सरकारी रुग्णालयात सरासरी ४,४५२ रुपये लागले आणि खासगीत ३१,८४५. सातपट. तरीही दाखल झालेल्यांत निम्म्याहून जास्त लोक खासगीतच गेले होते. लोक तिकडे का जातात हेसुद्धा विचारून झालेलं आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या जवळपास निम्म्या कुटुंबांनी सांगितलं की आम्ही सहसा सरकारी दवाखान्यात जात नाही. सर्वांत जास्त सांगितलेलं कारण होतं उपचाराचा दर्जा. त्यापाठोपाठ ताटकळत थांबावं लागणं, मग जवळ केंद्र नसणं. खर्चाच्या भीतीपेक्षा अविश्वास मोठा आहे, हे या एका प्रश्नातून कळतं. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत केले, ते चांगलंच केलं. पण ज्याचा भरवसा उडालाय तो मोफत म्हणून येईलच असं नाही.

ही कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्यापर्यंत उतरते, तालुक्यापर्यंत येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके. गगनबावड्याचं दुखणं वेगळं, शिरोळचं वेगळं. गगनबावड्यात दवाखाना लांब. आमच्याकडे मिरज हाकेच्या अंतरावर, पण ते सांगली जिल्ह्यात. शिरोळचा माणूस कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जातो त्याहून सहज मिरजेला जातो. जिल्ह्याच्या सरासरीत हे सगळं बुडून जातं.

मग तालुक्यात विचारतं कोण? आशाताई. दारात उभी राहून ती रजिस्टर उघडते. सासूबाई कट्ट्यावर, सून आत चुलीपाशी.

“आजी, उपकेंद्रात जाता न्हवं?”

“जातो की.”

“औषध मिळतंय?”

“मिळतंय की बाई, तूच देतीस की.”

दोन खुणा होतात आणि ती पुढच्या घरी जाते. सुनेला विचारलं जातच नाही. विचारलं असतं तरी सासूसमोर ती काय बोलणार? याच आशाताईने तिला बाळंतपणाला नेलेलं, लसीची तारीख तिनेच सांगितलेली. तिच्या तोंडावर ‘उपकेंद्र बंद असतं’ म्हणायला जीभ रेटत नाही. यात आशाताईचा काही दोष नाही. तिच्यावर आधीच कुष्ठरोगापासून क्षयापर्यंत इतकी सर्वेक्षणं लादलेली आहेत की तिचं मूळ काम त्याखाली दबलंय. पण ज्या यंत्रणेविषयी विचारायचं तिच्याच माणसाने विचारलं, तर मिळणारं उत्तर हे मत नसतं, सौजन्य असतं.

म्हणूनच ‘समाधानी आहात का’ या प्रश्नावर माझा विश्वास नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात याच धोक्यावर लिहिलं होतं. तेव्हा देशात आयुर्मान सर्वांत जास्त केरळचं होतं, पण ‘आजारी आहे’ असं सांगणाऱ्यांचं प्रमाणही तिथेच सर्वांत जास्त. बिहारमध्ये आयुर्मान कमी, आणि आजार सांगणारेही कमी. शिकलेल्या, दवाखाना पाहिलेल्या माणसाला दुखणं ओळखता येतं. ज्याने काही मिळण्याची अपेक्षाच सोडली तो ‘बरं आहे’ म्हणतो. तेव्हा मत विचारायच्या आधी अनुभव विचारावा. शेवटी गेलात तेव्हा डॉक्टर होते का? चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची मिळाली का? किती वेळ थांबलात? पैसे कुठून आणले? अशा प्रश्नांना सौजन्याचं उत्तर देणं अवघड असतं.

आता विचारायचं कुणाला. हे शिरोळच्या शेतकऱ्याला सांगायला फार शब्द लागत नाहीत. क्षारपड जमिनीने त्याला माती परीक्षण शिकवलंय. बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, शेणखताच्या ढिगाजवळची नाही. रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची घ्यायची, एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. त्या अर्ध्या किलोवर सगळ्या रानाचा निकाल लागतो. माणसांच्या पाहणीचंही तेच. हजार माणसं नीट निवडली तर पावणेचार लाखांहून मोठ्या तालुक्याचा अंदाज तीनेक टक्क्यांच्या फरकाने मिळतो. पण ती हजार माणसं जयसिंगपूरच्या स्टँडवर गाठली तर ती बांधाजवळची माती झाली. खिद्रापूर, राजापूर, शेडशाळ, कवठेगुलंद इथली घरं त्यात हवीत. दुपारी शेतात असणाऱ्या बायका हव्यात, आणि त्यांना एकटं गाठून विचारायला बाईच हवी.

आणि ऊसतोडीच्या कोप्यांतली माणसं हवीत. दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात, चार-पाच महिने आमच्या रानाकडेला राहतात, आमचा ऊस तोडतात. इथल्या मतदार यादीत नाहीत म्हणून इथल्या कुठल्याच पाहणीत नसतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. विचारलं म्हणून कळलं. तोवर या बाया वर्षानुवर्षं पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत काम करत होत्या.

शिरोळमध्ये या विषयावर बोलायचं आणि कर्करोगाचं नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. खतांनी झाला, फवारणीने झाला, पंचगंगेच्या पाण्याने झाला, हे प्रत्येक गावात ऐकू येतं. या भीतीला मी हसणार नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा दूषित पाणी काय करतं ते सगळ्यांनी पाहिलं. पण लोकांना काय वाटतं आणि रोग किती आहे, या दोन वेगळ्या मोजण्या आहेत आणि आपण दोन्ही टाळत आलोय. भीती मोजली तर कळेल की किती लोक नळाचं पाणी सोडून विकतच्या जारवर महिन्याला पैसे घालतात, गाठ दिसली तरी नाव निघेल म्हणून किती जण दाखवत नाहीत. रोग मोजायला मात्र नोंदणी लागते. बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. तिथले कार्यकर्ते गावोगाव जातात, लोकांशी बोलतात, लक्षणं समजावतात, रुग्ण शोधून नोंदवतात. त्यामुळे लोक लवकर दाखवायला येऊ लागले. शिरोळमध्ये तपासणी शिबिरं झाली, बातम्या छापून आल्या. शिबिर एका दिवसाचं असतं. त्यातून तालुक्यात रोग वाढला की घटला हे ठरत नाही. जिल्ह्याने हे काम बार्शीसारखं मनावर घ्यावं, ही मागणी जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

ब्रिटनमध्ये १९८३ पासून लोकांना जवळपास दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो: आरोग्यसेवा ज्या रीतीने चालते त्यावर तुम्ही समाधानी आहात का? २०१० साली ७० टक्के लोक हो म्हणाले, २०२४ साली २१ टक्के. प्रश्न ‘समाधाना’चाच आहे, पण चाळीस वर्षं तोच आहे, त्यामुळे घसरण लपवता येत नाही, आणि कुठल्याही पक्षाच्या आरोग्यमंत्र्याला त्या आकड्याला तोंड द्यावं लागतं. आपल्याकडे अशी सवय लावण्याचे प्रयत्न झाले. २००७ पासून राज्यात काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या पुढाकाराने गावकऱ्यांनीच आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत भरलं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ काढलं, रुग्णाच्या मोबाइलवर अभिप्राय मागवणारं. पहिल्यात गाव बोलत होतं. दुसऱ्यात फक्त जो दवाखान्यात पोचला तोच बोलतो. जो गेलाच नाही त्याचं कारण तिथे कळत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची आहेत, म्हणून विचारणारा तिच्या बाहेरचा हवा. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, तिथे संख्याशास्त्र आणि समाजशास्त्राचे विभाग आहेत. विद्यापीठाने दरवर्षी एकदा, पावसाळा टाळून, गळीत हंगामात, प्रत्येक तालुक्यातल्या हजार घरांना तेच वीस प्रश्न विचारावेत, आणि निकाल आरोग्य विभागाच्या कपाटात न जाता आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागावा. याला फार मोठा खर्च येत नाही.

गावाला त्यासाठी थांबायचंही कारण नाही. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदोपत्री आहे आणि तिला वर्षाला दहा हजार रुपयांचा निधी ठरलेला आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या म्हणून ग्रामपंचायतीला लेखी द्या: वर्षभरात गावातली किती घरं उपचारासाठी कर्जात गेली, आणि उपकेंद्र किती दिवस उघडं होतं. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि जिल्हा परिषदेचा उमेदवार दारात आला, की तो तुमचं मत विचारायच्या आधी तुम्ही त्याला हे दोन आकडे विचारा.